आवाज न करणारा पण फास्ट पीसी: डिस्क आणि बाकीचे पार्ट, दीड वर्ष वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

माझं काम आवाज रेकॉर्ड करायचं, म्हणजे ट्रेनिंगच्या व्हिडिओंना, माहितीपटांना निवेदन देते आणि एडिटिंगही मीच करते, त्यामुळे पीसी फास्टही पाहिजे आणि माइकपासून हातभर अंतरावर असूनही गप्पही पाहिजे. दीड वर्षापूर्वी जुना पीसी मोडीत काढून नवीन जोडला, आणि सगळ्यात जास्त डोकं कशाला लावलं असेल तर हार्ड डिस्कला. प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं यावर ढीगभर माहिती मिळते, डिस्कचा आवाज मात्र लोक दोन ओळींत उरकतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

जुन्या पीसीत ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणारी, एकच डिस्क होती, विंडोजही तिच्यावर आणि सगळ्या फाइलीही तिच्यावर. रेकॉर्डिंग करताना कानाला काही फार जाणवायचं नाही, पण एडिटिंगला बसले आणि मी काहीच बोलत नाहीये असा दहा सेकंदांचा तुकडा निवडून त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा आलेख, काढला की १२० हर्ट्झवर एक उभी रेघ दिसायची, अगदी पट्टीने मारल्यासारखी. आधी वाटलं माइकची केबल खराब असेल. केबल बदलली, माइक बदलला, रेघ जागची हलली नाही. मग एकदा सहज गणित केलं, ७२०० भागिले ६०, उत्तर १२०. डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, तीच गुणगुण टेबलाच्या लाकडातून माइकच्या स्टँडपर्यंत येत होती! ते कळल्यावर मी केसच्या, म्हणजे पीसीच्या डब्याच्या, बाजूच्या पत्र्यावर हात ठेवून बघितला तर पत्रा बारीक थरथरत होता, हात दाबला की गुणगुण कमी आणि काढला की परत सुरू. आवाज डिस्कचा असला तरी तो मोठा करून ऐकवत होती ती केस, आणि पुढच्या सगळ्या निवडी मी याच्यावरूनच केल्या.

पण त्याआधी एक चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. जागा कमी पडते म्हणून मी एक मोठी, डेटासेंटरसाठी बनवलेली हेलियमवाली डिस्क आणली. हेलियमबद्दल वाचलेलं खरंच होतं, त्याची घनता हवेच्या सातव्या भागाएवढी असते, त्यामुळे डेटा जिच्यावर लिहिला जातो त्या आतल्या तबकड्यांना फिरताना विरोध कमी, वीज कमी लागते, गरमही कमी होते, आणि एचजीएसटी या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २०१३ मध्ये अशी पहिली ६ टीबीची डिस्क सात तबकड्या घालून बाजारात आणली तेव्हापासून मोठ्या डिस्का बहुतेक हेलियमवाल्याच येतात. फिरण्याचा आवाज खरोखर मऊ होता, मी खूश. रात्री माझा धाकटा भाऊ त्याच खोलीत झोपतो, तो अंधारातून म्हणाला, "ताई, तुझ्या पीसीत काहीतरी ठोकतंय." मी म्हटलं, काही नाही, झोप. तो म्हणाला, "नाही गं, मोजून बघ, दर पाच सेकंदांनी." मोजलं. खरंच दर पाच सेकंदांनी एक मऊ ठोका, दार हळूच लावल्यासारखा, कोणी डिस्कला हात लावत नसतानासुद्धा. ती बिघडलेली नव्हती, स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातले, सगळे आकडे स्वच्छ. अशा काही डिस्का रिकाम्या बसलेल्या असताना हेड, म्हणजे तबकडीवर वाचणारं-लिहिणारं टोक, मुद्दाम हलवत राहतात, एकाच ठिकाणी तरंगून झीज होऊ नये म्हणून, म्हणजे ते काम बरोबरच करत होती. सर्व्हर रूममध्ये हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, झोपायच्या खोलीत मात्र एकदा कानात बसलं की नंतर दुसरं काही ऐकूच येत नाही. दोन आठवड्यांनी ती काढून ऑफिसच्या बॅकअपसाठी देऊन टाकली. तर घरासाठी डिस्क घेताना नुसती कपॅसिटी आणि वॉरंटी बघून डेटासेंटरची डिस्क उचलू नका, निदान पलंगाजवळ ठेवायची असेल तर नकोच.

आता नवीन पीसीत काय घातलं ते.

विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रोजेक्ट यांच्यासाठी सॅमसंगची ९९० प्रो, २ टीबी, एम.२ वाली एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरणारं काहीच नसलेली, थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान डिस्क. साठवणीसाठी वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस, ४ टीबी, ५४०० आरपीएम. बस, दोनच. लोक म्हणतात ५४०० म्हणजे स्लो, हे मी पण मानत होते, पण जरा नीट बघा. डिस्कला एखादी फाइल शोधायला दोन गोष्टींचा वेळ लागतो, हेड योग्य पट्ट्यावर जाण्याचा आणि मग तबकडी फिरून तो भाग हेडखाली येण्याचा. हा दुसरा वेळ ७२०० ला सरासरी ४.१७ मिलिसेकंद आणि ५४०० ला ५.५६ मिलिसेकंद. दीड मिलिसेकंदाचाही फरक नाही. विंडोज डिस्कवर असतं तेव्हा हजारो बारक्या फाइली उघडायच्या असतात म्हणून तो फरक साठत जातो, पण ते सगळं काम एसएसडीवर गेल्यावर डिस्कला फक्त मोठ्या फाइली सलग वाचायच्या आणि लिहायच्या राहतात, आणि तिथे आरपीएमपेक्षा तबकडीवर डेटा किती दाट लिहिलाय त्याला जास्त महत्त्व. माझी डिस्क कंपनीच्या म्हणण्यानुसार सेकंदाला १८० एमबीपर्यंत जाते, आणि नवीन रिकामी होती तेव्हा मला १७५ च्या आसपास मिळालेही. भरत गेली की वेग उतरतो, हे कोणी आधी सांगत नाही, कारण डेटा तबकडीच्या बाहेरच्या कडेपासून भरायला सुरुवात होते, बाहेरचा घेर मोठा म्हणून एका फेऱ्यात जास्त डेटा, आतल्या बाजूला येईपर्यंत वेग जवळजवळ निम्मा होतो. सगळ्याच हार्ड डिस्कांचं असंच असतं, डिस्क म्हातारी झाली म्हणून नाही. त्यामुळे लागणार त्यापेक्षा दीडपट मोठी घ्या, म्हणजे तुम्ही कायम वेगवान भागातच राहाल.

बारक्या फाइलींचं विचाराल तर कुठलीही हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर ठिकाणी जाऊन येऊ शकते, चांगली एनव्हीएमई एका वेळी एकच काम दिलं तरी वीस हजारांच्या आसपास. पीसी फास्ट वाटतो तो इथे. साधी साटा, म्हणजे केबलने जोडायची, एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीला अडते, एनव्हीएमई ज्या पीसीआयई जोडणीवर चालते तिच्या ३ नंबरच्या पिढीची ३५०० पर्यंत, ४ ची ७००० च्या वर, माझी वाचायला ७४५० म्हणून विकतात, पण खरं सांगायचं तर विंडोज सुरू व्हायला किंवा सॉफ्टवेअर उघडायला साटा आणि एनव्हीएमईमध्ये एकदोन सेकंदांचा फरक पडतो, त्याहून जास्त नाही. मी एनव्हीएमई घेतली कारण मोठ्या व्हिडिओ फाइली एकीकडून दुसरीकडे टाकाव्या लागतात, आणि एक केबल कमी होते. तुमचं तसलं काम नसेल तर चांगली साटा एसएसडीसुद्धा पुरे, वाचलेले पैसे रॅममध्ये घाला.

एसएसडी निवडताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका, ती टीएलसी आहे की क्यूएलसी ते बघा. क्यूएलसीत एका सेलमध्ये चार बिट, टीएलसीत तीन. क्यूएलसी स्वस्त पडते, पण लिहायला मुळात मंद असते, ते झाकायला ती रिकाम्या जागेचा काही भाग एक-बिटवाला कॅश म्हणून वापरते, आणि तो कॅश भरला की उघडी पडते. माझ्याकडे एक जुनी क्यूएलसी एसएसडी होती, नाव सांगत नाही, तिच्यावर २०० जीबीचं प्रोजेक्ट टाकायला घेतलं, सुरुवातीला पट्टी झरझर पुढे जात होती, मधेच वेग कोसळून ७०-८० एमबीवर आला आणि तिथेच बसला, म्हणजे माझ्या जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही हळू. रोजचं ब्राउझिंग, गेम, फोटो यांना क्यूएलसी चालते, त्यात वाईट काही नाही, पण एका दमात शंभर-दोनशे जीबी लिहायची सवय असेल तर टीएलसीच घ्या आणि तीही स्वतःची डीरॅम, म्हणजे छोटी वेगवान मेमरी, असलेली. झीज होईल म्हणून लोक फार घाबरतात. ९९० प्रो २ टीबीला कंपनी १२०० टीबी लिखाणाची हमी देते, म्हणजे रोज १०० जीबी लिहिले तरी बत्तीस वर्षं पुरतील, आणि रोज १०० जीबी मीसुद्धा लिहीत नाही.

पीसीआयई ५ वाल्या एसएसडी आल्यात, वेग डोळे फिरवणारा आहे, पण त्या तापतात आणि काहींच्या डोक्यावर चक्क छोटा फॅन असतो. शांत पीसी बांधताना चाळीस मिलिमीटरचा फॅन आत घ्यायचा नाही, हा माझा कडक नियम. छोटा फॅन तेवढीच हवा द्यायला खूप जोरात फिरतो आणि त्याचा आवाज डासासारखा, कानाच्या बरोब्बर नको त्या पट्टीत. मदरबोर्ड घेतानाही हेच बघितलं. २०१९ मध्ये आलेल्या एक्स५७० चिपसेटच्या (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) बहुतेक बोर्डांवर चिपसेटसाठी असाच पिटुकला फॅन होता, पुढच्या वर्षी आलेल्या बी५५० ला तो नाही. जुना बोर्ड सेकंडहँड घेत असाल तर फोटो मोठा करून नीट बघा.

मदरबोर्डचंच एक सांगायचं राहिलं. एसएसडी दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये बसवली, कारण तिथे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, चांगला होता, आणि पीसी सुरू केला तर हार्ड डिस्क दिसेचना. साटाची केबल बदलली, पॉवरची केबल बदलली, डिस्कला कान लावला तर फिरतेय, मग पोटात गोळा आला की नवीन डिस्क गेली. तासभर गेल्यावर मॅन्युअल उघडलं, त्यात अगदी बारीक अक्षरात तळटीप, दुसरा एम.२ स्लॉट वापरला तर साटाचे पाच आणि सहा नंबरचे पोर्ट बंद होतात. केबल एक नंबरच्या पोर्टला लावली, लगेच दिसली. पुष्कळ बोर्डांत असं असतं, लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वाटून घेतलेल्या असतात, त्यामुळे बोर्ड विकत घेण्याआधीच कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा आणि साटाचं पान वाचा.

आता सीएमआर आणि एसएमआर. हे समजून न घेता हार्ड डिस्क घेऊ नका, प्लीज. साध्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, डेटाचे पट्टे शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते घरावरच्या कौलांसारखे थोडे थोडे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच तबकडीत जास्त मावतं. वाचायला काहीच अडचण नाही, पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यापुढची सगळी ओळ उचलून परत रचावी लागते. डिस्क हे काम मोकळ्या वेळात गुपचूप करते, तुम्ही मोकळा वेळच दिला नाहीत तर मात्र ती हाशहुश्श करायला लागते. माझी एक जुनी बॅकअपची डिस्क तशी होती, तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पहिला बॅकअप ठीक झाला, दुसऱ्या वेळी जुन्या फाइली पुसून नवीन टाकताना वेग एका आकड्यात आला आणि रात्रभर हेडची कुरकुर चालू. आवाजाच्या दृष्टीनेसुद्धा एसएमआर वाईट ती याच्यामुळे, तुमचं काम संपलं तरी तिचं संपत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्का एसएमआर आहेत, आणि तोपर्यंत हे खोक्यावर, माहितीपत्रकावर कुठेच स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. लोक भडकले ते बरोबरच होतं. त्यानंतर कंपनीने सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं, म्हणून मी प्लस बघून घेतली. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका पूर्ण सीएमआर आहे, माझ्या यादीत दुसरा नंबर तिचाच होता, ती घेतली असती तरी मी समाधानी असते. सीगेटचीच बॅराकुडा २ टीबी मात्र एसएमआर आहे. कधीतरी फोटो टाकायला ठीक, रोजच्या लिखाणाला नको.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली, ती मला फार आवडली. वेस्टर्न डिजिटलच्या काही मोठ्या डिस्कांवर "५४०० आरपीएम क्लास" असं लिहिलेलं असायचं, लोकांनी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून बघितला तर ९० हर्ट्झऐवजी १२० वर रेघ, म्हणजे त्या खऱ्या ७२०० ने फिरत होत्या आणि "क्लास" हा शब्द नुसता परफॉर्मन्सबद्दल होता असं कंपनीचं उत्तर. शांत म्हणून घ्यायची आणि ७२०० ची निघायची, हे शांततेसाठी डिस्क घेणाऱ्याला चालण्यासारखं नाही. तुम्हीही घरी तपासू शकता, मोबाइलवर फुकटचं स्पेक्ट्रमचं अ‍ॅप मिळतं, मोबाइल केसवर टेकवून ठेवा, ९० वर टोक दिसलं तर ५४००, १२० वर दिसलं तर ७२००. माझ्या ४ टीबीचं ९० वर आहे, पहिल्याच संध्याकाळी बघितलं.

माहितीपत्रकातल्या आवाजाच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा? थोडाच. एक कंपनी डेसिबल लिहिते, दुसरी बेल, २.८ बेल म्हणजे २८ डेसिबल, ते वाचून ही डिस्क दहापट शांत आहे असं समजू नका. कुठून किती लांबून मोजलं ते प्रत्येकाचं वेगळं. आणि हा आकडा डिस्क हवेत लटकवून मोजलेला असतो, केसमध्ये स्क्रूने आवळल्यावर काय होतं ते त्यात नसतं. पूर्वी काही डिस्कांना आवाज कमी करायची एक सेटिंग असायची, १२८ ते २५४ पर्यंत आकडा टाकायचा, १२८ म्हणजे हेड हळू हलेल पण गप्प, आता नवीन डिस्कांतून ती गेली. बॉल बेअरिंगची कर्कश्श शिट्टीही गेली, फ्लुइड बेअरिंग आल्यामुळे. राहिली ती थरथर, आणि ती आपल्या हातात असते.

मी केस फ्रॅक्टल डिझाइनची डिफाइन ७ घेतली, पत्रा जाड आहे, दारांना आतून जड अस्तर आहे, आणि डिस्कच्या ट्रेला रबरी बुचं येतात. पहिल्या दिवशी मी ट्रेचे स्क्रू नेहमीसारखे घट्ट पिळले, रबर पार चपटं झालं आणि थरथर सरळ पत्र्यात. स्क्रू सैल करून रबर फुगेल एवढेच ठेवले, निम्मं काम तिथेच झालं. तरी रेघ पूर्ण जाईना, मग जुनाच उपाय केला, डिस्क टांगली. शिवणाच्या डब्यातलं बोटभर रुंदीचं इलॅस्टिक घेतलं, रिकाम्या ट्रेच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून ओवून खाली-वर असे दोन फेरे घेतले आणि डिस्क त्या झोळीत ठेवली, कुठेही पत्र्याला टेकणार नाही अशी, साटाची केबलही जरा ढिली सोडली कारण ताणलेली केबल थरथर घेऊन जाते. पीसी चालू करून पत्र्यावर हात ठेवला. काहीच नाही! परत दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड केली, ९० ची रेघ इतकी खाली गेली की खोलीच्या आवाजात शोधावी लागते. त्या दिवशीचा आनंद मला नवीन ग्राफिक्स कार्डानेही दिला नाही.

हे करताना दोनतीन गोष्टी सांभाळा. टांगलेली डिस्क असताना पीसी उचलून दुसरीकडे न्यायचा नाही, न्यायचाच असेल तर आधी डिस्क काढा. डिस्क कागदात, कपड्यात, स्पंजमध्ये गुंडाळू नका, तिला पत्र्यातून उष्णता सोडायला मिळत नाही म्हणून समोरून थोडी हवा लागतेच, माझी उन्हाळ्यातही ४० डिग्रीच्या खालीच असते. हवा भरलेल्या डिस्कवर एक बारीक भोक असतं, ते झाकू नका असं तिथेच छापलेलं असतं, ते खरंच झाकायचं नाही. आणि शक्यतो एकच डिस्क ठेवा. दोन ठेवल्या तर दोघींचा वेग अगदी तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे गुणगुण एकसारखी न राहता हळूहळू वाढते, उतरते, परत वाढते, आणि असा लाटांसारखा येणारा आवाज सलग आवाजापेक्षा जास्त छळतो.

फॅनचं म्हणाल तर मोठे आणि हळू. फॅनचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे हा सौदा केव्हाही फायद्याचा. एकसारखे दोन फॅन लावले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. म्हणून एक फॅन जोरात फिरवण्यापेक्षा तीन हळू फिरवणं कधीही बरं. मी १४० मिलिमीटरचे दोन पुढे आणि एक मागे लावलाय, तिघेही ६०० आरपीएमच्या आसपास, प्रोसेसरवर नॉक्टुआचा मोठा टॉवर कूलर. पाण्याचा कूलर मुद्दाम टाळला, त्याचा पंप सतत चालतो आणि माझ्या माइकला ते नको. फॅन चार पिनवाले घ्या, बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून, नीट वेग धरता येतो. बायोसमध्ये जाऊन फॅन वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबेल अशी सेटिंग असते ती लावा, नाहीतर ब्राउझरमध्ये एक टॅब उघडला तरी फॅन वूंऽऽ करून चढतो आणि उतरतो, याने डोकं जास्त उठतं. एका फॅनला ९०० ते १००० च्या मध्ये घूं घूं यायची, वर-खाली दोन्हीकडे गप्प, मग ग्राफ असा आखला की तो तेवढा भाग ओलांडूनच जातो.

पॉवर सप्लायबद्दल थोडक्यात. सीझनिकचा ८० प्लस गोल्ड घेतला, निम्म्या लोडवर ९० टक्क्यांच्या आसपास एफिशियन्सी, म्हणजे उष्णता कमी आणि कमी लोडवर फॅन बंदच राहतो. पण ८० प्लसचा शिक्का आवाजाबद्दल काहीच सांगत नाही, त्यासाठी सायबेनेटिक्सचं आवाजाचं रेटिंग बघा, तिथे ए प्लस प्लस म्हणजे सगळ्यात शांत. त्याआधी एक दुसरा घेतला होता, त्याच्यातून गेम सुरू झाला की चीऽऽ असा कॉइलचा आवाज यायचा, दुकानदाराने विनातक्रार बदलून दिला. ग्राफिक्स कार्डचे फॅन ५०-६० डिग्रीपर्यंत बंद राहतात, रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांचा प्रश्नच येत नाही.

नवीन हार्ड डिस्क आली की लगेच डेटा टाकू नका. मी आधी पूर्ण तपासणी लावली, ४ टीबीला आठ तास लागले, रात्री लावून झोपले. विंडोजमध्ये ती ३.६३ टीबी दिसेल, फसवलंय असं समजू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. मग स्मार्टमध्ये ०५ आणि सी५ हे दोन आकडे, म्हणजे खराब झालेल्या आणि खराब वाटणाऱ्या जागांची मोजणी, बघायचे, नवीन डिस्कला ते शून्यच हवेत, नसतील तर लगेच परत करा. सी७ वाढत असेल तर डिस्क नाही, केबल खराब आहे, हे माहीत नसल्याने चांगल्या डिस्का परत जातात. दीड वर्षानंतर माझे ०५ आणि सी५ अजून शून्य आहेत. डिस्क वीस मिनिटं रिकामी राहिली की झोपेल अशी सेटिंग ठेवलीय, दोन मिनिटांची ठेवली तर दिवसभर उठ-झोप चालते, हेड उतरण्या-चढण्याची मोजणी वाढत जाते, आणि उठताना दरवेळी फोल्डर उघडायला काही सेकंद थांबावं लागतं. रेकॉर्डिंगला बसण्याआधी मी ती हाताने झोपवते, मग पीसीत फक्त फॅन फिरत असतात.

कमीपणा कशात वाटला? डिफाइन ७ जड आहे, एकटीला उचलवत नाही. पुढचं दार बंद असल्याने लांबलचक रेंडर चालू असताना आतलं तापमान चढतं, तेव्हा मी दार उघडं ठेवते आणि तेवढा वेळ आवाज वाढतो. जाळीची केस घेतली असती तर गरम कमी झाली असती, पण डिस्कची बारीकसारीक कुरकुर बाहेर आली असती, माझ्या कामाला बंद दारच बरं. ज्याच्या पीसीत हार्ड डिस्क नाहीच, त्याने सरळ जाळीची घ्यावी, अस्तराचे पैसे कशाला घालवायचे.

पुढेमागे साठवणीलाही एसएसडी घ्यायचा विचार आहे, सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ ८ टीबीपर्यंत मिळते, क्यूएलसी आहे पण साठवणीत लिहिणं कमी आणि वाचणं जास्त म्हणून चालेल. फक्त कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवायच्या बॅकअपला एसएसडी मी वापरणार नाही, वीज न मिळता पडून राहिली तर त्यातला डेटा हळूहळू विरतो, तिथे हार्ड डिस्कच. तोपर्यंत एवढंच काम आहे, इलॅस्टिक उष्णतेने सैल होतं, दर सहा महिन्यांनी काढून नवीन ओवायचं. मागच्या वेळी मी विसरले, डिस्क खाली येऊन पत्र्याला टेकली, आणि परत भाऊच म्हणाला, "ताई, काहीतरी गुणगुणतंय बघ."